वंशाबद्दल अवमानकारक बोलणाऱ्या प्राध्यापकावर विद्यापीठाने कारवाई करावी का?

धरमपेठकर

नमस्कार. मी नागपुरातील एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते आणि वादविवादाच्या चमूची तयारीही माझ्याकडेच असते. पुढच्या महिन्यात होणाऱ्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा विषय असा आहे : 'वंशाविषयी अवमानकारक मते जाहीरपणे मांडणाऱ्या प्राध्यापकावर विद्यापीठाने कारवाई करावी, असे या सभागृहाचे मत आहे.' अनुकूल की प्रतिकूल हे चिठ्ठी उचलून ऐनवेळी ठरते, त्यामुळे मुलांची तयारी दोन्ही बाजूंनी करून घ्यावी लागते.

मुलांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापिका एमी वॅक्स यांचे प्रकरण निवडले आहे. ज्यांना ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सगळ्या संस्कृती माणसाला आधुनिक अर्थव्यवस्थेसाठी सारखेच तयार करत नाहीत, असा लेख त्यांनी २०१७ मध्ये एका वृत्तपत्रात एका सहलेखकाबरोबर लिहिला. त्याच वर्षी एका ध्वनिचित्रमुद्रित संवादात त्या म्हणाल्या की, आपल्याकडील कृष्णवर्णीय विद्यार्थी गुणानुक्रमे वरच्या चतुर्थांशात आल्याचे आपण कधी पाहिलेले नाही आणि वरच्या निम्म्यातही ते क्वचितच दिसतात. हे विधान खरे नाही, असे अधिष्ठात्यांनी जाहीर केले आणि २०१८ मध्ये पहिल्या वर्षाच्या सक्तीच्या विषयाचे अध्यापन त्यांच्याकडून काढून घेतले. पुढे, अमेरिकेत आशियाई लोक कमी असलेले बरे, अशा आशयाचेही त्या बोलल्या. दीर्घ चौकशीनंतर सप्टेंबर २०२४ मध्ये विद्यापीठाने त्यांना एका वर्षासाठी निम्म्या पगारावर निलंबित केले, त्यांच्याकडील अध्यासन काढून घेतले आणि त्यांना जाहीर समज दिली. नोकरी मात्र कायम राहिली. त्यांनी विद्यापीठावर केलेला दावा २०२५ मध्ये न्यायालयाने फेटाळला.

अडचण अशी आहे की, सरावाच्या वेळी दोन्ही बाजू दोन मिनिटांत संपतात. अनुकूल वक्ता म्हणतो की, द्वेषाला पगार कशासाठी द्यायचा. प्रतिकूल वक्ता म्हणतो की, आज त्यांचे तोंड बंद केले तर उद्या आपलेही होईल. दोन्ही वाक्यांना टाळ्या पडतात आणि त्यापुढे कोणीच जात नाही. एका विद्यार्थ्याचे तर म्हणणे आहे की, वंशाचा प्रश्न हा त्यांचा आहे, आपल्याकडे जात आहे, तेव्हा भारतातील उदाहरणे यात आणूच नयेत. कायद्याची बाजू आणि मुलांना खरोखर विचार करायला लावतील अशी उदाहरणे कोणी सुचवील का? नुसती मतेही चालतील, पण कारणांसकट.

खंडपीठाचा वारकरी

ताई, मी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात बरीच वर्षे वकिली केली आहे. अमेरिकेचा कायदा हा माझा विषय नाही, पण हे निकाल मी आवडीने वाचले आहेत.

पहिली गोष्ट मुलांना पक्की सांगा. अमेरिकेच्या घटनेतील पहिली दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी संस्थेला नाही. आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, नाव राज्याचे असले तरी, खासगी आहे. त्यामुळे 'भाषणस्वातंत्र्य आहे म्हणून कारवाई करताच येत नाही' असे म्हणणारा वक्ता परीक्षकाच्या पहिल्याच प्रश्नाला अडखळेल. वॅक्स यांचा आधार वेगळा होता : कायम नेमणुकीचा करार आणि प्राध्यापकांना कोणत्या कारणासाठी व कोणत्या पद्धतीने शिक्षा करता येईल याविषयीचे विद्यापीठाचे स्वतःचे नियम.

सरकारी संस्थेचे उदाहरण हवे असेल तर न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजची दोन प्रकरणे जोडीने घ्या. संस्था एकच, काळही एकच आणि निकाल मात्र वेगवेगळे. मायकल लेविन हे तेथे तत्त्वज्ञान शिकवत आणि कृष्णवर्णीयांची बुद्धिमत्ता सरासरीने कमी असते, असे लिहीत. महाविद्यालयाने त्यांना काढले नाही, पण त्यांच्याच विषयाची एक समांतर तुकडी उघडली आणि ज्यांना त्यांच्याकडे शिकायचे नसेल त्यांनी तिकडे जावे, असे विद्यार्थ्यांना कळवले. लेविन न्यायालयात गेले आणि १९९२ मध्ये अपील न्यायालयातही जिंकले. निकालात वजन पडले ते या गोष्टीचे की, त्यांनी वर्गात किंवा गुण देताना कोणाशी भेदभाव केल्याची एकाही विद्यार्थ्याची तक्रार नोंदलेली नव्हती. जे काही होते ते वर्गाबाहेरच्या लेखनात होते.

दुसरे प्रकरण लेनर्ड जेफ्रीज यांचे. ते कृष्णवर्णीय अध्ययन विभागाचे प्रमुख होते आणि १९९१ मध्ये ऑल्बनी येथील भाषणात त्यांनी ज्यूंविषयी अत्यंत आक्षेपार्ह विधाने केली. त्यांचे विभागप्रमुखपद काढण्यात आले. ज्यूरीने आधी त्यांच्या बाजूने कौल दिला, पण सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले आणि १९९५ मध्ये अपील न्यायालयाने महाविद्यालयाला योग्य ठरवले. कारण असे की, त्यांचे प्राध्यापकपद शाबूत होते. गेले होते ते प्रशासकीय पद, आणि अशा पदावरील व्यक्तीच्या बोलण्याने कामकाजात अडथळा येण्याची वाजवी भीती असेल तर नियोक्त्याला तेवढी मोकळीक असते.

या जोडीतून मुलांना विचारण्याजोगा प्रश्न निघतो. 'कारवाई' म्हणजे नेमके काय काढून घेणार : नोकरी, पगार, पद, मान की सक्तीचा वर्ग? विषयाच्या शब्दांत हे सांगितलेले नाही आणि जो वक्ता प्रथम हे ठरवून घेईल त्याच्या हातात वाद जाईल. माझे स्वतःचे मत विचाराल तर, मत आणि वर्तन यांच्यामध्येच रेघ ओढावी लागते. प्राध्यापकाने चौकात, वृत्तपत्रात किंवा परिसंवादात काहीही मांडावे, त्याला उत्तर देण्यास आपणही मोकळे आहोत. परंतु समोर बसलेल्या विद्यार्थ्याशी त्याची वागणूक त्या मताने दूषित झाली की संस्थेने हात घातलाच पाहिजे. वॅक्स यांच्यावरील शेवटच्या निर्णयात सरसकट तुच्छतादर्शक विधानांचा ठपका होताच, पण त्याबरोबर हेही नमूद आहे की, विद्यार्थ्यांचे गुण गोपनीय ठेवण्याचे बंधन असताना त्या वंशाच्या आधारे त्यांच्या गुणांविषयी जाहीर बोलल्या. माझ्या दृष्टीने दुसरा मुद्दा पहिल्यापेक्षा अधिक मजबूत आहे.

आता आपल्याकडे. आपल्या देशात असे प्रकरण प्राध्यापकांच्या समितीकडे जाण्याआधी पोलीस ठाण्यात जाते. भारतीय न्याय संहितेचे कलम १९६, म्हणजे भारतीय दंड संहितेचे जुने १५३ अ, धर्म, वंश, जन्मस्थान, भाषा, जात अशा कारणांवरून वैर पसरवणे हा गुन्हा मानते. तेव्हा तुमच्या विद्यार्थ्याला सांगा की, वंश आणि जात आपल्या कायद्यात एकाच ओळीत बसलेले आहेत. शिवाय अरुणाचलच्या निडो तानिया या तरुणाचा २०१४ मध्ये दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा ईशान्येकडील लोकांच्या तक्रारी अभ्यासणाऱ्या बेझबरुआ समितीने वांशिक अवमानासाठी स्वतंत्र कलमे सुचवली होती. वंशाचा प्रश्न आपला नाही, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

भाषणस्वातंत्र्यावर बंधने कोणत्या कारणांसाठी घालता येतात, ती घटनेच्या अनुच्छेद १९(२) मधील कारणे मुलांनी एकदा शांतपणे वाचावीत. कोणाला वाईट वाटले, हे त्यांतले एक कारण नाही. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये चर्चा, समर्थन आणि चिथावणी या तीन पायऱ्या वेगळ्या केल्या आणि पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्या संरक्षित आहेत, असे म्हटले. व्यवहारात काय होते ते मात्र निराळे आहे. जादवपूर विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांना २०१२ मध्ये मुख्यमंत्र्यांवरील व्यंगचित्र पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली आणि ते आरोपमुक्त झाले २०२३ मध्ये. मे २०२५ मध्ये अशोका विद्यापीठातील एका प्राध्यापकांना समाजमाध्यमावरील लिखाणासाठी अटक झाली आणि काही दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. ही प्रकरणे वंशाची नाहीत, पण 'कारवाई करा' असे म्हणताना आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ काय होऊ शकतो, हे अनुकूल बाजूने ध्यानात ठेवावे.

मूळ महाल, मुक्काम न्यू जर्सी

वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू छान मांडली आहे. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, त्यामुळे थोडे मागे जातो.

अमेरिकेत प्राध्यापकांच्या स्वातंत्र्याची चळवळ ज्या प्रकरणांतून उभी राहिली त्यांतले एक महत्त्वाचे प्रकरण वंशाविषयीच्या भाषणाचेच होते आणि ज्याची नोकरी गेली तो माणूस आजच्या मोजमापाने वंशवादी होता, हे दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना माहीत असावे. एडवर्ड रॉस हे स्टॅनफर्डमध्ये अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र शिकवत. त्यांनी १९०० मध्ये जपानी स्थलांतराविरुद्ध जहाल भाषण केले. विद्यापीठाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जेन स्टॅनफर्ड यांना त्यांची राजकीय मते आधीपासूनच खुपत होती. त्यांनी आग्रह धरला आणि रॉस यांना त्याच वर्षी राजीनामा द्यावा लागला. याच्या निषेधार्थ काही सहकाऱ्यांनीही नोकरी सोडली आणि त्यांत आर्थर लव्हजॉय नावाचे तरुण तत्त्वज्ञ होते. अमेरिकन विद्यापीठीय प्राध्यापकांची संघटना १९१५ मध्ये ज्यांच्या पुढाकाराने स्थापन झाली त्यांत हेच लव्हजॉय होते, आणि तिचे पहिले अध्यक्ष होते कोलंबिया विद्यापीठाचे जॉन ड्युई.

ड्युई हे नाव नागपूरकरांना सांगायला नको. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात होते आणि ड्युईंचा त्यांच्यावरचा प्रभाव त्यांनी स्वतः मान्य केलेला आहे. म्हणजे ज्या वर्षी प्राध्यापकांना मालकाच्या मर्जीपासून वाचवण्याचे तत्त्व लिहिले जात होते, त्या वर्षी बाबासाहेब त्याच विद्यापीठाच्या आवारात होते. पुढे १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले, भाषणाचा मसुदा वाचून काही भाग गाळण्याची विनंती केली, बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले आणि मंडळाने अधिवेशनच रद्द केले. ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. आज आमंत्रण देऊन मागे घेण्यावरून अमेरिकी विद्यापीठांत जो गदारोळ होतो, त्याची याहून ठळक पूर्वपीठिका मला माहीत नाही. ज्यांना ते ऐकायचे नव्हते ते स्वतःला सुधारक म्हणवत होते, हेही प्रतिकूल बाजूने अवश्य सांगावे.

यातून मला वाटते ते असे की, शिक्षेचे हत्यार कोणाच्या हातात आहे हा प्रश्न मत किती वाईट आहे या प्रश्नाच्या आधी येतो. स्टीव्हन सलायता यांचे प्रकरण पाहा. इलिनॉय विद्यापीठाने त्यांना नेमणूक देऊ केली होती. २०१४ मध्ये गाझातील युद्धावर त्यांनी केलेली ट्विटे देणगीदारांना आणि इतरांना ज्यूद्वेष्टी वाटली आणि नेमणूक मागे घेण्यात आली. ती ट्विटे द्वेषाची होती की युद्धावरील संताप होता, यावर आजही एकमत नाही. विद्यापीठाला २०१५ मध्ये ८ लाख ७५ हजार डॉलरवर तडजोड करावी लागली. जो वॅक्स यांना काढा म्हणतो त्याने सलायता यांचे काय करायचे तेही सांगावे, आणि जो वॅक्स यांच्या स्वातंत्र्यासाठी उभा राहतो त्याने २०१४ मध्ये आपण कोणत्या बाजूला होतो ते आठवावे.

एक अवांतर गोष्ट सांगतो. वॅक्स यांनी २०२२ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणी निवेदक टकर कार्लसन यांनी घेतलेल्या मुलाखतीत भारतातून आलेल्या ब्राह्मण स्त्री डॉक्टरांवर तोंडसुख घेतले. या बायकांना आपण सर्वांत श्रेष्ठ आहोत असे शिकवलेले असते आणि तरी त्यांचा देश मात्र घाणेरडा, अशा आशयाचे आणि फार हलक्या भाषेतले ते बोलणे होते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांविषयी त्या बोलल्या होत्या तेव्हा आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात 'बाई खरे बोलतात, गुणवत्तेला पर्याय नाही' असे संदेश फिरले होते. ही चित्रफीत आली त्या संध्याकाळी तीच काका-मावशी मंडळी 'असल्या बाईला अजून ठेवले कसे' असे लिहीत होती. मी दोन्ही संदेश एकाखाली एक चिकटवून पाठवले. गट त्यानंतर दोन दिवस शांत होता.

इंदोरा चौक

वकीलसाहेब, आपली मत आणि वर्तन यांच्यातली रेघ कागदावर फार स्वच्छ दिसते. मला ती मान्य नाही, किंवा असे म्हणतो की, ती रेघ तपासण्याची आपली पद्धत मान्य नाही. एकाही विद्यार्थ्याने तक्रार केली नव्हती, म्हणून भेदभाव नव्हता, हे अनुमान कसे निघते? तक्रार करणाऱ्याचे अंतर्गत गुण ज्याच्या हातात आहेत त्याच्याविरुद्धच ती करायची असते.

एक प्रसंग सांगतो. पदव्युत्तरच्या तोंडी परीक्षेत मी आत गेलो, प्रबंधिका टेबलावर ठेवली. बहिःस्थ परीक्षकांनी मुखपृष्ठावरचे नाव बोटाने अधोरेखित करत वाचले आणि विचारले, 'आडनाव हेच का? गाव कोणते?' मी गाव सांगितले. 'वसतिगृह कोणते?' तेही सांगितले. मग प्रबंधिकेचे शेवटचे पान उघडून, संदर्भसूचीवर नजर फिरवत, 'हे सगळे तू वाचले आहेस?' असा एक प्रश्न, आणि 'या आता.' माझ्या विषयावर एकही प्रश्न नाही. त्याच परीक्षकांचे आरक्षणामुळे गुणवत्तेचा ऱ्हास होतो या आशयाचे लेख मी आधी वाचलेले होते आणि वाचताना त्यांना लिहिण्याचा अधिकार आहे असेच मला वाटले होते. पण त्या खोलीत बसल्यावर तो लेख वर्गाबाहेरचा राहत नाही. त्यांनी मला कमी गुण दिले ते उत्तरे वाईट होती म्हणून की नावामुळे, हे मला कळण्याचा मार्ग नाही आणि मला वाटते तो त्यांनाही नसावा.

लेखी उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बैठक क्रमांक असतो. ही व्यवस्था कोणाच्या चांगुलपणावर सोडलेली नाही, म्हणूनच ती चालते. तोंडी परीक्षा, अंतर्गत मूल्यमापन, मार्गदर्शक मिळणे, शिफारसपत्र, या सगळ्या ठिकाणी माणसाचे मत थेट गुणपत्रिकेत उतरू शकते. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाच्या तक्रारी तपासण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष आपल्या विदर्भातले डॉ. सुखदेव थोरात होते. २००७ च्या त्या अहवालात अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या वागणुकीबद्दल आणि मूल्यमापनाबद्दल जे सांगितले ते आपल्या स्पर्धकांनी वाचावे. आणि २०२१ मध्ये आयआयटी खरगपूरच्या ऑनलाइन वर्गात पूर्वतयारी अभ्यासक्रमाच्या मुलांना, म्हणजे मुख्यतः अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग विद्यार्थ्यांना, एका प्राध्यापिकेने ज्या भाषेत झापले ते ध्वनिचित्रमुद्रणामुळे बाहेर आले आणि त्यांना निलंबित केले गेले. ते मुद्रण नसते तर तिथेही 'एकही तक्रार नाही' असेच म्हटले गेले असते.

माझे म्हणणे नोकरी घ्या असे नाही. विशिष्ट समाजाच्या विद्यार्थ्यांची कुवत कमी असते असे जाहीरपणे मांडणाऱ्या माणसाच्या हातातून त्या विद्यार्थ्यांचे निनावी नसलेले मूल्यमापन काढून घ्यावे, एवढेच आहे. त्याने लिहीत राहावे.

रामदासपेठ, निवृत्त

मी विज्ञान शाखेत शिकवत होतो. इंदोरा चौकवाल्या मित्राचा अनुभव अस्वस्थ करणारा आहे आणि त्यावर वाद घालण्याचा माझा हेतू नाही. परंतु आपण सगळे शिक्षेवरच बोलत आहोत. चुकीच्या मताला चुकीचे ठरवण्याचा दुसरा मार्गही असतो, आणि त्याचे एक उत्कृष्ट उदाहरण मराठी आहे.

इरावती कर्वे १९२७ च्या सुमारास बर्लिनला गेल्या आणि तेथील मानववंशशास्त्राच्या संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले. युरोपीयांचा मेंदू अधिक विकसित असल्यामुळे त्यांच्या कवटीत उजव्या-डाव्या बाजूंचा विशिष्ट असमतोल आढळेल आणि इतर वंशांत तो आढळणार नाही, अशी गृहीत धरलेली कल्पना त्यांना तपासायची होती. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि असमतोलाचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष आपल्या गुरूच्या मताविरुद्ध लिहून दिला. फिशर पुढे १९३३ मध्ये, नाझी राजवटीत, बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. कवटी मोजणाऱ्या बाईंचे मोजमाप आजही टिकून आहे. फिशर यांना गप्प बसवले असते तर ते मत हुतात्मा झाले असते; मोजपट्टीने ते मेले.

इंदोरा चौक

सर, उदाहरण सुंदर आहे, पण ते अर्ध्यावर सोडू नका. त्या प्रबंधाला फिशर यांनी कमी श्रेणी दिली होती. इरावतीबाईंना ती पचवता आली, कारण परत आल्यावर त्यांच्यामागे घर होते, सासर होते, पुण्यातले विद्वत्तेचे वर्तुळ होते. नवेगाव बांधहून पहिल्यांदा विद्यापीठात आलेल्या मुलीची श्रेणी गेली तर शिष्यवृत्ती जाते आणि शिष्यवृत्तीबरोबर वसतिगृहाची खोली. मत मोजपट्टीने मेले असेही मी म्हणणार नाही. फिशर यांचे मत १९३० मध्ये खोटे ठरले आणि १९३३ मध्ये सत्तेवर बसले.

रामदासपेठ, निवृत्त

श्रेणीचा मुद्दा मान्य. तरीही मूल्यमापन काढून घेण्याचा निर्णय कोण घेणार, यावर मी अडतो. आज आरक्षणविरोधी लेख लिहिणाऱ्याकडून तोंडी परीक्षा काढून घेतली, तर उद्या ब्राह्मण्यावर टीका करणाऱ्या प्राध्यापकाविरुद्ध तसाच अर्ज येईल आणि कुलगुरूंच्या मेजावर दोन्ही अर्ज सारखेच दिसतील. आपल्याकडील व्यवस्थापन परिषदांचा अनुभव असलेल्या कोणालाही विचारा, कोणता अर्ज आधी निकाली निघेल.

धरमपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. काल सरावात मी मुलांना सिटी कॉलेजची जोडी दिली आणि पहिल्यांदाच चर्चा दोन मिनिटांच्या पुढे गेली. वंश आपला प्रश्न नाही, असे म्हणणारा विद्यार्थी मूळचा सिरोंचाचा आहे. नागपुरात आल्यावर आपल्याला कोणत्या नावांनी हाक मारतात, हे त्याने स्वतःहून सांगितले आणि मग तोच अनुकूल बाजूने बोलायला उभा राहिला.

दोन शंका उरल्या आहेत. इंदोरा चौक यांनी सांगितला तसा प्रसंग अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली येतो का? एका मुलीने आत्मविश्वासाने 'येतो' म्हटले आणि मला खात्रीने उत्तर देता आले नाही. दुसरी शंका अशी की, रामदासपेठच्या सरांनी विचारलेल्या 'कोण ठरवणार' या प्रश्नाला अनुकूल बाजूने काय उत्तर द्यावे?

खंडपीठाचा वारकरी

पहिली शंका. १९८९ च्या कायद्याच्या कलम ३(१)(आर) नुसार जातीवरून अपमानित करण्याचा हेतू लागतो आणि तो अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेल्या बोलण्याला हे कलम लागत नाही, असे म्हटले. भरलेल्या वर्गात उद्धार केला तर ते लागू होण्यास वाव आहे. बंद खोलीत आडनाव आणि वसतिगृह विचारले, एवढ्यावर ते उभे राहणे कठीण. अपमानाचा एकही शब्द नोंदीवर नाही. त्या मुलीला सांगा की, कायदा जिथे सर्वांत कमी पोहोचतो तीच जागा इंदोरा चौक यांनी दाखवली आहे, आणि अनुकूल बाजूला याचा उपयोग होईल : गुन्हा सिद्ध होत नाही म्हणूनच संस्थेचे स्वतःचे नियम हवेत.

याच कारणाने माझ्या रेघेत मी एक भर घालतो. तक्रार नाही हा पुरावा केवळ तिथेच मानावा, जिथे तक्रार करणाऱ्याचे गुण त्या प्राध्यापकाच्या नव्हे, तर दुसऱ्याच कोणाच्या हातात आहेत.

दुसरी शंका. 'कोण ठरवणार' याला टाळता न येणारे उत्तर एकच मला सुचते : माणूस बघून ठरवूच नये. तोंडी परीक्षेला दोन परीक्षक, दोघांचे गुण वेगवेगळ्या बंद पाकिटात, खोलीत ध्वनिमुद्रण, आणि ही व्यवस्था सर्वांना लागू, मग परीक्षकाचे लेख कोणत्याही रंगाचे असोत. यात रामदासपेठच्या सरांची भीती दूर होते, कारण अर्ज करायचाच नसतो. तोटा असा की, ज्या प्राध्यापकाने जाहीरपणे एका समाजाला कमअस्सल म्हटले त्याला या व्यवस्थेत काहीच सोसावे लागत नाही, आणि विषयात तर 'त्याच्यावर कारवाई करावी' असे स्पष्ट शब्द आहेत. प्रतिकूल वक्ता हुशार असेल तर इथेच बोट ठेवील. अनुकूल वक्त्याने मग जेफ्रीजकडे वळावे : विभागप्रमुख, परीक्षा मंडळाचा सदस्य, प्रवेश समितीचा अध्यक्ष ही पदे कोणाचा हक्क नाहीत, ती विश्वासाने दिलेली असतात आणि विश्वास गेल्यावर काढता येतात.

इंदोरा चौक

ध्वनिमुद्रण आणि पाकिटे मला चालतील. फक्त तोंडी परीक्षेच्या यादीत नावाऐवजी क्रमांक असावा आणि प्रबंधिकेच्या मुखपृष्ठावरही. आडनाव विचारायचे असेल तर परीक्षकाला ते मोठ्याने, मुद्रणात येईल असे विचारावे लागेल.

ताई, स्पर्धा कुठे आहे ते कळवा. मी ऐकायला येईन.